शेषराव पाटलांची थुंकी

“कोणाच्याबी घरी गेली तं आधी पानी माग. पानी कसं हाय ते नको पाहू, कशात देतात ते पाह्य. मंगच तोंड उघडजो.”

दुर्गाआत्याचं हे सांगणं दीक्षाच्या कानात पक्कं बसलं होतं. आत्या अकोल्याची. सारी नोकरी नर्सबाई म्हणून खेड्यापाड्यांत पोरांना डोस पाजण्यात गेली. कोणत्या घरून लखलखीत गडवा येतो आणि कोणत्या घरून कान तुटलेला कप, एवढ्यावर ती आख्खं गाव ओळखायची. दीक्षाचं काम त्याहून अवघड होतं. आत्याला लोकांच्या तोंडात टाकायचं होतं, हिला लोकांच्या तोंडातलं काढून न्यायचं होतं.

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत ती डीएनएवर संशोधन करत होती. वऱ्हाडातली माणसं मुळात आली कुठून, कोण कोणात मिसळलं, हा विषय. चिंचखेडी गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडात एक फार जुनी कवटी सापडली होती. तिच्या कानाजवळच्या हाडाची चिमूटभर भुकटी एकीकडे, आणि आज नांदत्या गावकऱ्यांची थुंकी दुसरीकडे. दोन्हींचं नातं लागतं का ते पाहायचं.

गावातल्या शेषराव पाटलांनी मात्र ते आधीच लावून टाकलं होतं. “थो आमचा मूळपुरुष. राजा होता,” असं त्यांनी चौकात जाहीर केलं, आणि फ्लेक्सवर कवटीशेजारी स्वतःचा हात जोडलेला फोटो छापून घेतला. पुढे तपासणीत कवटी बाईची निघाली. शेषराव डगमगले नाहीत. एका रात्रीत राजाची राणी झाली. फ्लेक्सवर फक्त एक अक्षर चिकटवावं लागलं.

नमुने घेतानाचा नियम सोपा होता. थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही नको. ना चहा, ना बिडी, ना खर्रा. देवाच्या नैवेद्याला लोक पाळत नसतील एवढं सोवळं दीक्षानं त्या नळ्यांसाठी पाळलं. एकच सवलत दिली, आणि तीच भोवली. शेषराव म्हणाले, “म्याडम, चारचौघांत थुंकनं आमच्या घरान्याले शोभत नाई. मी आत जाऊन थुंकतो.” ते आत गेले आणि भरलेली नळी घेऊन बाहेर आले. थुंकी स्वच्छ, पांढरीशुभ्र. राजघराण्याची असावी तशी.

आज सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख गीतांजली मॅडमनी दीक्षाला केबिनमध्ये बोलावलं.

“चिंचखेडीचे दोन नमुने तंतोतंत एक आहेत. शेषराव आणि कुणी श्रावण. एकाच आईच्या पोटातले जुळे भाऊ का ते?”

“नाही मॅडम. एक पाटलांच्या घरचे, एक तिथल्या बौद्ध वस्तीतले, आमच्या समाजाचे. वयातही वर्षा-दोन वर्षांचा फरक आहे.”

“मग नळ्यांची अदलाबदल झाली. दोन नळ्या चुकल्या तर बाकीच्या बरोबर कशावरून? उद्या नमुने पुढच्या तपासणीला निघतात. आज संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर आख्खं गाव मी कचऱ्यात टाकते. आणि तुझं वर्षही त्याच्याबरोबर. चमत्कार पोथीत चालतात, इथे नाही.”

दीक्षा मिळेल त्या बसनं निघाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे फाट्यावर उतरली आणि तडक पाटलांच्या ओसरीवर जाऊन बसली. पाणी मागितलं. प्लास्टिकच्या, वापरून फेकायच्या ग्लासात आलं. आत्या असती तर इथूनच उठली असती. दीक्षा प्यायली, कारण ऊन भलतं होतं.

पाणी आणलं ते शेषरावांच्या बायकोनं, कौशल्याकाकूंनी. चातुर्मासाचा त्यांचा नेम होता: सांजवात लागेपर्यंत मौन. त्यामुळे त्या ग्लास ठेवून नुसत्या हसल्या. ग्लासाकडे पाहून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. तो कोणी काढून ठेवला होता, ते त्यांनी नवऱ्याकडे पाहूनच सांगितलं.

शेषरावांचा एक गाल फुगलेला होता. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला ताजा खर्रा त्यात मुरत होता.

“काका, खरं सांगा. त्या दिवशी नळीत कोण थुंकलं?”

“मीच! आमच्या घरातली नळी, दुसरं कोन थुंकन?”

“मशीन म्हणते तुम्ही आणि श्रावणकाका एकच माणूस आहात.”

“मशीन बिघडली असन. पुन्याची हाय का?”

“मशीन बरोबर आहे, आणि नळीवर नाव मी स्वतः लिहिलं. म्हणजे एकच उरतं. तुम्ही दोघं जुळे भाऊ. तसंच छापावं लागेल.”

शेषरावांनी खर्रा गिळायचा तेवढा बाकी ठेवला. “जुळे? आनि कोनाच्या घरी जनमलो म्हनून छापान? इकडे का तिकडे?”

तेवढ्यात काकूंचा पदर तोंडाशी गेला. मौनात हसायची मनाई कुठे लिहिलेली नाही. त्या हसता हसता आत गेल्या, कोनाड्यातली खर्ऱ्याची पुडी आणून दीक्षासमोर ठेवली, मग नवऱ्याच्या गालाला बोट लावून नकारार्थी मान हलवली. मागच्या गोठ्याकडे हात केला, बोटानं हवेत नळी धरली आणि थुंकल्याची नक्कल केली. एवढी स्पष्ट साक्ष बोलून कोणी दिली नसती.

“कौसल्या! तुहं मौन हाय ना?” शेषराव ओरडले.

काकूंनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. आहेच की.

मग श्रावणला बोलावणं गेलं. त्याचं शेत पाटलांच्या शेताला लागून, आणि दोघं शाळेपासूनचे सोबती. तो आला तो ओसरीच्या पायरीशी उभा राहिला.

“श्रावणकाका, तुम्ही दोनदा थुंकलात?”

“हाव.”

“लेका, कोनाले सांगनार नाई म्हनला होता ना तू?” शेषराव म्हणाले.

“मी कुठं सांगतलं? तिनं इचारलं. मी पंचशील पाळतो पाटील, खोटं बोलनं जमत नाई.”

“मग दुसऱ्याच्या नळीत थुंकणं कसं जमलं?” दीक्षानं विचारलं.

श्रावणनं प्रामाणिकपणे विचार केला. “थुंकन्याचं शील कोठं हाय पोरी? मी याच्या गोठ्यापाशी उभा होतो, हा मागच्या दारी आला. म्हने, श्रावन, मले खर्ऱ्याबिगर अर्धा घंटा निंगत नाई, तुह्यं तोंड कोरं हाय, तू दे भरून. नशापानी मी करत नाई, तेही शीलच हाय. म्हटलं, दोस्ताचं काम हाय, देऊ थुंकून. तू नमुना मांगला, म्या नमुना देला. खरा नमुना तं हा बसला हाय ओसरीवर.”

दीक्षाला हसू आवरेना. ज्या घरात पाण्याचा ग्लासही वेगळा निघतो, त्या घराण्याच्या नावानं श्रावणची थुंकी अमरावतीच्या फ्रीजमध्ये मानानं बसली होती, आणि राणीशी नातं लावायलाही तीच निघाली होती. पण हसून वर्ष वाचणार नव्हतं.

“काका, आज तुमचा खरा नमुना मिळाला तर मला सिद्ध करता येईल की बाकीच्या नळ्या बरोबर आहेत. नाही तर सगळ्या गावाचं काम वाया. आणि माझंही.”

शेषराव उठून मोरीवर गेले, खर्रा थुंकून आले. एकाएकी त्यांचा चेहरा गाल बसल्यासारखा लहान झाला. श्रावणलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणाले, “पोरी, खर्ऱ्याचं तं हायच. पन मले दुसरंच भेव होतं. माह्या थुंकीत राजाबिजा नाई निंगाला तं? फ्लेक्स लावून बसलो न मी.”

“आमच्या मशीनला राजे ओळखता येत नाहीत, काका. माणसं कोणत्या वाटेनं आली, तेवढंच कळतं. आणि तिथं सगळ्यांच्याच वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात.”

“श्रावनच्या अन् माह्यासुद्दा?”

“तेच तर पाहायचं आहे. पण त्यासाठी थुंकी तुमची पाहिजे.”

श्रावण पायरीवरून म्हणाला, “वर ये म्हनसान का पाटील, का नातं निंगेपर्यंत इथंच उभा राहू?”

कौशल्याकाकूंनी नवऱ्याची वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतःच सतरंजी झटकली, श्रावणला बसायची खूण केली आणि पितळी गडवा भरून त्याच्या हातात दिला. शेषरावांचा हात सवयीनं खर्ऱ्याच्या पुडीकडे गेला आणि तसाच मागे आला.

“इथं गावात नाई थुंकत,” अखेर ते म्हणाले. “सारे हासतीन. अमरावतीले येतो, तुह्या म्याडमच्या पुढ्यात थुंकतो. तोंडात सुपारीचं खांडबी न घालता. देवापाशी बोलून राहिलो. पन गावात तू एक शब्द काढायचा नाई.”

“नाही काढत. पण प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते.”

ती फाट्यावर येऊन बसची वाट पाहू लागली. येतील का, याची तिला खात्री नव्हती. खर्रा सोडण्याच्या शपथा वऱ्हाडात रोज निघतात आणि पानठेल्याजवळ रोज मोडतात.

थोड्या वेळानं कपाशीच्या पऱ्हाटीमधल्या पांदणवाटेत काहीतरी हललं. मोटारसायकल होती, पण आवाज नव्हता. श्रावण हँडल धरून गाडी ढकलत होता, आणि मागून शेषराव पाटील, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, दोन्ही हातांनी रेटा देत होते. गावाचा पानठेला झाडीआड गेला. तेव्हा कुठे शेषरावांनी इकडे तिकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि श्रावणच्या मागं बसले. श्रावणनं हळूच किक मारली आणि गाडी अमरावतीच्या वाटेला लागली.