माझ्या गळ्यात अडकलेली वात

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा नव्हे, शेतावरचा तर मुळीच नव्हे. आकाराने जेमतेम सोललेल्या नारळाएवढा. भांडी धुणाऱ्या मशीनच्या पोटात, पार तळाशी, अंधारात पडून मी पाच वर्षं काढली. भांडी धुऊन झाली की खाली साठलेलं घाण पाणी ओढायचं आणि पाइपातून सिंकमध्ये फेकायचं, एवढंच माझं काम. ताटं चकचकीत निघाली की लोक मशीनचं कौतुक करतात. घाण कोणी उपसली, हे कोणी विचारत नाही. माणसांच्या घरांतही असंच असतं, हे मला पुढे कळलं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. तिथून मी मस्कतच्या दुकानात आलो आणि तिथे नोकरी करणाऱ्या शिवाने आम्हाला आपल्या आईसाठी बोटीने पनवेलला पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: 'आईने आता भांडी घासायची नाहीत.' आईच्या मनगटांत संधिवात होता. आई म्हणजे कृष्णाबाई. खांदा कॉलनीत पहिल्या मजल्यावर त्या धाकट्या मुलाबरोबर, प्रदीपबरोबर राहायच्या.

कृष्णाबाईंनी चिठ्ठी देवापुढे ठेवली आणि मशीनवर क्रोशाचं पांढरं कव्हर घातलं. कव्हरावर प्लास्टिकच्या फुलांची परडी. पाहुणे आले की आधी आमचं दर्शन, मग चहा. "माझ्या शिवाने पाठवलंय हो." भांडी मात्र रविवारची तेवढी आत जायची. बाकीचे सहा दिवस त्या दुखऱ्या मनगटांनी घासायच्या. मुलाने प्रेमाने पाठवलेली वस्तू वापरून झिजवायची कशी?

मी तळाशी असलो तरी मला घर कळायचं. माणूस पानात काय टाकतो त्यावरून तो ओळखता येतो. प्रदीप कढीपत्ता वेचून बाजूला काढायचा. कृष्णाबाई मिरची अर्धीच खायच्या. ९४ सालच्या एप्रिलपासून पाण्यात एक तिसरं ताट आलं, आणि त्यात काही म्हणता काही नसायचं. इतकं स्वच्छ उष्टं मी कधी उपसलं नव्हतं. नवी सून ताट आधी विसळून, पुसून मगच आत ठेवते, हे मला दोन रविवारांनी उमगलं.

तिचं नाव दमयंती. उरणजवळच्या मोरा बंदरावरची. तिचे वडील दयाराम होड्यांची इंजिनं आणि जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचे. पोर बोलायची कमी, बघायची जास्त. बोलली की कृष्णाबाई दुरुस्ती करायच्या. "हाय-नाय करायचं नाही इथे. कॉलनी आहे ही. 'आहे' म्हणावं." स्वतः कृष्णाबाई उरणजवळच्याच करंजाच्या, हे त्या विसरल्या नव्हत्या, लोकांनी विसरावं एवढीच त्यांची इच्छा होती. एकदा दमयंतीने चहा-साखरेचे डबे हाताशी घेतले, तर लगेच आवाज आला, "डबे होते तिथे ठेव. हे माझं घर आहे."

आता मला एक गुपित सांगायचंय. ते फक्त मला आणि देवाला ठाऊक होतं.

कृष्णाबाई सगळ्यांना बजावायच्या, "देवाची भांडी या मशीनमध्ये जायची नाहीत. उष्ट्या-खरकट्यात देव घालू का?" पण निरांजन, पंचपात्री, घंटा, हे सगळं चिंचेने घासायचं म्हणजे मनगटाची परीक्षा. मग दर गुरुवारी दुपारी, प्रदीप कामावर आणि सून शिवणाच्या क्लासला गेली, की दार हळूच उघडायचं. पितळ आत यायचं. "देवा, एवढं चालवून घे रे बाबा," असं पुटपुटणं आणि मग बटण. दुखऱ्या हाताची लाज वाटणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. मी मुकाट्याने तुपकट पाणी उपसत राहायचो.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी निरांजनातली वात काढायची राहिली. त्याच दिवशी कृष्णाबाईंनी तळाची जाळी धुवायला काढली होती, ती तिरकीच बसली. फटीतून वात सरळ माझ्या गळ्यात. कापूस तो, तुपात भिजलेला. फिरणाऱ्या पात्याभोवती जानव्यासारखा गुंडाळला. त्या दिवशी कसंबसं पाणी फेकलं मी.

रविवारी जेवायला बोंबील होते. मागचं सगळं आवरून दमयंतीने बटण दाबलं. धुणं झालं, माझी पाळी आली, आणि मला फिरताच येईना. मी गुरगुरलो. जोर लावला. अंग तापत गेलं, आतली तार करपली आणि घरभर जळका वास सुटला. मशीनमध्ये वीतभर पाणी तसंच उभं.

"काय घातलंस आत?" कृष्णाबाई धावत आल्या.

"काही नाही, आई. दर रविवारसारखंच."

"काटे गेले असणार. बंदरावर वाढलेल्यांना काटा दिसतो कुठे?"

"होईल गं दुरुस्त," प्रदीप पेपरातून म्हणाला. तो आईला म्हणाला की बायकोला, हे दोघींनाही कळलं नाही.

"शनिवारी शिवा येतोय सुट्टीवर," कृष्णाबाई म्हणाल्या. "पाच वर्षं फुलासारखं जपलंय मी. त्याने विचारलं तर सांगणार, कोणाचा हात लागला ते. आणि काटे निघाले ना, तर या ओट्याशी तुझं काम नाही. वरचं काय ते कर."

 त्या दुपारी दमयंती मशीनसमोर पाटावर बसून राहिली, बोटं मोजत. प्रदीपचं ताट विसळलं. आईंचं विसळलं. माझं विसळलं. की एखादं राहिलं? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पोरी, तुझं काही नाही गं यात. पण जळलेल्या पंपाला आवाज कुठला?

सोमवारी पनवेलहून मेकॅनिक आला. वाकून बघितलं, "असला माल आपल्याकडे मिळत नाय," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

"तुझे वडील मोटारी बांधतात ना?" कृष्णाबाई म्हणाल्या. "बोलाव मग."

लग्नानंतर बाप पहिल्यांदा लेकीच्या घरी यायचा, तो मिठाईचा पुडा घेऊन यावा. हा येणार पान्यांची पिशवी घेऊन. आणि त्याच्याच हातून काटे निघाले तर? दमयंतीने एसटीडी बूथवरून बंदरावरच्या दुकानात फोन लावला. दयाराम एवढंच म्हणाले, "बटनाला हात लावू नका. बाकी मी बगतो."

गुरुवारी ते मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेले. तिथून दारूखान्यात. मोडलेल्या जहाजांचं सामान विकतात तिथे. दिवसभर ढीग उपसून त्यांनी माझ्याच जातीचा एक पंप शोधून काढला. शुक्रवारी भर दुपारी ते खांदा कॉलनीत हजर. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली.

"बसा दयारामभाऊ. पाणी आण गं," कृष्णाबाई म्हणाल्या.

"नको विहीणबाई. पानी हाय माजं."

ही त्यांच्याकडची जुनी रीत. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कृष्णाबाईंनाही ठाऊक होती. त्यांनी आग्रह केला नाही.

मशीन ओढून पुढे घेतलं. उभं पाणी तांब्याने उपसलं. खाली 'सकाळ'ची पानं पसरली आणि मशीन आडवं केलं. दमयंतीने बॅटरी धरली. वडिलांनी मागायच्या आधीच तिने बारीक पाना त्यांच्या हातात ठेवला, मग पक्कड, मग फडकं. कृष्णाबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. सुनेला कुठला पाना केव्हा लागतो हे कळतं, हे त्यांना नवीन होतं.

"काटे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"खोलू तर द्या," दयाराम म्हणाले.

चार स्क्रू निघाले. पाच वर्षांनी मी उजेडात आलो. दयारामांनी झाकण काढलं, आणि बॅटरीच्या उजेडात माझा गळा सगळ्यांना दिसला. काळी, चिकट, पिळलेली वात. त्यांनी चिमट्याने टोक धरलं आणि ओढली. ओढता ओढता वीतभर निघाली. तुपाचा वास पसरला. देवघरातला वास. त्यात चूक व्हायची सोयच नव्हती.



दयारामांनी वातीकडे बघितलं, मग लेकीकडे. दमयंतीने मान वर करून दाराकडे बघितलं. कृष्णाबाईंचा एक हात चौकटीवर होता, दुसऱ्या हाताने त्यांनी तेच मनगट दाबून धरलं होतं. दुखणारं.  पाच दिवसांचं बोलणं परत करायला दमयंतीला आता एकच शब्द पुरला असता. 'वात.' तो तिच्या ओठांपर्यंत आलेला मी बघितला. ओठ हलले.

मग तिने स्क्रू ठेवलेल्या डब्याचं झाकण उचललं आणि अलगद वातीवर पालथं घातलं.

"काही नाही, आई. काटे नाहीत. जुना झालाय पंप."

दयारामांनी चिमटा खाली ठेवला. "कॉइल जलली हाय," ते म्हणाले. "परदेशी माल, इकडचा करंट वर-खाली. कुनाची चूक नाय."

 कृष्णाबाई दारातून हलल्या नाहीत.

आता खरी कसोटी. नवा पंप माझ्या जागी बसेना, भोकं जुळेनात. दयारामांनी पत्र्याची पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली. घड्याळात तीन वाजून गेले. बसवण्याआधी पंप ओढतो का ते बघायला हवं होतं. नळाचं पाणी सहाला येणार. दमयंती पिंपाकडे वळायच्या आत त्यांनी आपली बाटली उघडली आणि उरलंसुरलं सगळं पाणी पंपात ओतलं.

"बाबा, ते तुमचं पिन्याचं…" ती बोलून गेली. कृष्णाबाईंनी ऐकलं, पण दुरुस्ती केली नाही.

"चालतंय गो बाय."

पंप बसला. मशीन उभं केलं, पिंपातलं पाणी आत ओतलं, बटण दाबलं. खालून पाण्याचा ओघळ आला. दयाराम गुडघ्यावर बसले, क्लिप पुन्हा आवळली. त्यांचे ओठ कोरडे पडून पांढरे दिसत होते. पुन्हा बटण. घर्र. थांबलं. पुन्हा घर्र. दमयंतीने डोळे मिटले. आणि मग सिंकमध्ये पाइपातून भसकन पाणी पडलं. काळपट, मग गढूळ, मग स्वच्छ.

खरं सांगू? त्या नव्याचा मला हेवा वाटला. आवाज माझ्यापेक्षा गोड होता त्याचा.

दयाराम हत्यारं पिशवीत भरू लागले. बाटलीचं झाकण लावताना ती रिकामी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती तशीच पिशवीत टाकली. पुढे उरणची एसटी, मग मोऱ्यापर्यंत चालणं. दमयंती सगळं बघत होती आणि रीत मोडा असं बापाला म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात कृष्णाबाई दारातून हलल्या. माठाशी गेल्या. पितळी तांब्या भरला, वर फुलपात्र ठेवलं. दोन्ही हातांनी धरावा लागला. दयारामांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पानी घ्या," त्या म्हणाल्या.

"विहीणबाई, तुमाला ठाव हाय…"

"ठाव हाय ना. लेकीच्या घरचं पीत नाय तुमी. हे तिचं घर नाय अजून. हे माजं घर हाय. मी देतंय. घ्या."

कृष्णाबाईंच्या तोंडून करंजाची बोली त्या घरात पहिल्यांदाच उमटली. दयारामांनी लेकीकडे बघितलं. दमयंतीने मान खाली घातली होती. हसू दाबायला की आणखी कशाला, ते मला कळलं नाही. घर अजून आपलं नाही, हे तिने ऐकलंच होतं. पण त्याच वाक्याने आपल्या बापाची तहान भागतेय, हेही.

दयारामांनी तांब्या घेतला. फुलपात्र बाजूला ठेवून वरूनच घटाघटा पाणी प्याले. घशातून पाणी उतरतानाचा आवाज मला चांगलाच ओळखीचा. अडथळा निघाल्यावर असाच आवाज येतो.

"तुमी तोंडातून काय काढलंत नाय," कृष्णाबाई हळूच म्हणाल्या.

"काय बोलायचं? जुना झालेला पंप," दयाराम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिवा आला. पेढे निघाले, मशीनचं दर्शन झालं. कोणाचा हात लागला, हा विषय निघालाच नाही.

मला दयारामांनी पिशवीत घालून मोऱ्याला नेलं. आता मी त्यांच्या दुकानात, धक्क्याकडे तोंड करून, फळीवर बसलोय. माझी तार जळालेली आहे. 'बांधीन कधीतरी,' ते म्हणतात आणि होडीवाल्यांच्या मोटारी आधी घेतात. माझी तक्रार नाही. इथे वारा आहे. झाकणाखालची ती वातही माझ्याशेजारी आहे, कागदात बांधलेली. देवाची म्हणून त्यांना टाकवेना.

श्रावणात दमयंती माहेरपणाला आली होती. वडिलांशी बोलताना म्हणाली, "आता गुरुवारी मीच निरांजन मशीनमध्ये ठेवते. वात काढून. आई देवघरातून बघतात आणि पोथीचं पान उलटतात." मग हळूच हसली. "चहाचे डबेबी हाताशी आलेत. कोनी हलवले, मी इचारलं नाय."

तर बाई-माणसांनो, एका करपलेल्या पंपाची एवढीच विनंती. तुमच्या घरातलं पाणी तुंबलं तर आधी सुनेकडे बघू नका. आधी जाळी बघा. आणि जाळीत जे सापडेल ते सगळ्यांना दाखवायलाच हवं, असं काही नाही. झाकण असतं ते त्यासाठीच.