टरफलांचा घाणा

हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला, त्या उन्हाळ्यात नळाचे रबरी वायसर बनवणाऱ्या चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये तिथं कामाला असलेल्या मोनिकानं हट्ट धरला होता. रबराला बळ यावं म्हणून त्यात खडूची भुकटी मिसळतात. तिला त्या जागी अंड्याच्या टरफलांची घालायची होती. आम्लेटच्या गाड्यांवरून ती पोत्यानं फुकट टरफलं आणायची, घरी धुऊन दळायची.

शेडचे मालक मधुसूदनकाका नाकाला रुमाल लावून फिरत. "सात पिढ्या आमच्यात कुणी अंड्याला शिवलं नाही, अन् तू थेट माझ्या मशीनमध्ये घातलंस."

पहिल्या घाण्याचे वायसर फोडांनी भरले. काकांनी एक ताणला, तो ओल्या पापडासारखा तुटला.

"आणखी एक घाणा देतो. तोही फसला तर पोती उकिरड्यावर, अन् तू परत खडूवर."

मोनिका घरी आली. आई, दगडाबाई, भांडी घासत होती. टँकरचं पाणी आधी तांदळाला, मग भांड्यांना, उरलं ते टरफलांना, अशी घरची रीत. मोनिकानं त्या उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं. बोटाला तेल लागलं. तेलकट भुकटीला रबर धरणार कसं? अन् टरफलाच्या आतला पापुद्रा तर तसाच राहत होता.

"आई, दोन बादल्या चांगलं पाणी देती का?"

"व्हय, देते की. मग पेयाला काय, टरफलं?"

पाणी नाही, तर पाण्यावाचून. मोनिकानं नवी टरफलं पत्र्यावर पसरली. उन्हानं पापुद्रे सुटून वर आले. तिनं ती भरड कुटली अन् सूप हाती घेतलं. पापुद्रा वाऱ्यावर, कण सुपात. दगडाबाई समोर येऊन बसली.

"ज्वारी नाय यंदा, तर हे पाखडती व्हय गं?" म्हणत तिनं दुसरं सूप उचललं, अन् तोंडात आपसूक ओवी आली:

*वाऱ्यासंगं गेलं फोल, सुपी राहिलं गं खरं*
*हाता, नको थांबू माझ्या, ऊन डोईवरनं सरं*

दोघींनी पोतं संपवलं.

दुसऱ्या घाण्याच्या वायसरावर फोड नव्हता. काकांनी ताणला, तो ताणला गेला अन् परत जागेवर आला. दारात पाणीवाल्या कडुबाचा टँकर उभा होता, त्याच्या व्हॉल्वला त्यांनी तो बसवायला लावला.

पाणी जोरात सुटलं. कडुबानं सांध्याखाली तळहात धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग सवयीनं पँटला पुसला. हात कोरडाच होता.

काकांनी नाकावरचा रुमाल काढून त्याची घडी घातली.

"उद्यापासून पोती मागच्या दारानं आण," ते हळूच म्हणाले. "पुढून कधी कधी आमच्या ह्या येतात."

"किती आणू?" मोनिकानं विचारलं.

"मावतील तेवढी."