ऐकून घेणारे साहेब

सरकारनं मोठ्या साहेबांना शिकवायचं ठरवलं, आणि काय शिकवलं, तर ऐकायला! जन्मभर खुर्चीत बसून ज्यांचे कान बुजले, त्यांच्यासाठी पुण्याहून जया मॅडम यायच्या. कोच म्हणायचं त्यांना. गोपालराव चाफले हे जिल्ह्यातले वरचे अधिकारी, बढतीच्या उंबऱ्यावर उभे. मॅडमनी त्यांना सांगितलं, समोरचा बोलतो तेव्हा मान हलवा, त्याचंच वाक्य त्याला परत म्हणून दाखवा, आणि काही झालं तरी पहिल्या भेटीत 'नाही' म्हणू नका. गोपालरावांनी ते घोटून घोटून पाठ केलं. बढतीच्या वेळी मॅडमचा शेरा पाहिला जाणार होता, मग करतील नाही तर काय!

कारंजाच्या अलीकडे हायवेनं एका गावाचे दोन तुकडे केलेत. घरं इकडं, वावरं तिकडं. बैल, बाया, शाळेची पोरं, सगळे जीव मुठीत धरून धावत्या ट्रकांच्या मधून पलीकडे जातात. गावाला रस्त्याखालून जायला बोगदा हवा होता. तो मिळत नसेल तर पोळ्याच्या आधी हायवे अडवून बसायचं, असं ठरलं होतं. हायवे अडला की भल्याभल्यांची झोप उडते. गावाच्या हातात तेवढं एकच हत्यार होतं.

बोगदा होणार नाही, हे गोपालरावांना पक्कं ठाऊक होतं. वरून नकार आधीच आला होता. तरी ते गावात गेले आणि मारुतीच्या पारावर बसले. देवकाबाई बोलायला उठल्या. म्हातारी मोठी खमकी, गावाचं सगळं दुखणं तिनं मांडलं. साहेबांनी एकदाही मधे तोडलं नाही, नुसती मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमच्या गावाला खालून रस्ता पाहिजे." देवकाबाईंचा मुलगा निकेश घरून पाण्याचा गडवा घेऊन आला. ते पाणी पिऊन साहेब उठले.

आता, गोपालराव काही परके नव्हते, जवळच्या आष्टीचेच होते. त्यांच्या आजोबांच्या बैठकीत कुणी गाऱ्हाणं आणलं, की आजोबा ते आपल्या तोंडानं परत म्हणायचे आणि त्या माणसाच्या हातचं पाणी प्यायचे. झालं, शब्द पक्का! इकडची रीतच ती. पुण्याच्या बाईला हे कुठून कळणार? पण गोपालरावांना कळत होतं. पारावरची माणसं हात जोडून उभी राहिली, ती कशासाठी, हेही कळलं. तरी ते गाडीत जाऊन बसले.

गावानं हायवे अडवला नाही. साहेबांनी शब्द दिला, आता काऊन अडवायचा, असं देवकाबाईच घरोघर सांगत फिरल्या. तरण्या पोरांना शिव्या घालून त्यांनी बसवलं. इकडं मॅडम बेहद्द खूश. नागपूरच्या हॉटेलात बाकीच्या साहेबांपुढे त्यांनी गोपालरावांना उभं केलं आणि नुसतं ऐकून आंदोलन कसं शमवलं, ते सांगायला लावलं. टाळ्या पडल्या, मग जेवणं झाली.

तुरीच्या सवंगणीला, कापणीच्या दिवसांत, निकेश बैलजोडी घेऊन पलीकडे निघाला होता. ट्रकनं बैलही नेले आणि पोरगाही.

गोपालराव भेटायला गेले. जावंच लागलं. निकेशची बायको दिपाली, दारात माणूस आला म्हणून सवयीनं पाणी आणायला उठली. देवकाबाईंनी तिचा हात धरला.

"बस तू. साहेबांले पाणी नको देऊ," त्या म्हणाल्या. "पोरगा म्हणे, मा, रस्त्यावर बसू. मीच त्याले घरी बसवलं. म्हटलं, साहेबानं आपलं पाणी पेलं ना."

आवाज चढलेला नव्हता. गोपालरावांना माफी मागायची होती, मनापासून मागायची होती. पण मानच हलायला लागली, सावकाश, शिकवली होती तशी.

देवकाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "त्या दिवशीबी अशीच हालवत होता."