उजवा पंख

इटलीच्या किनाऱ्यावर वियारेज्जोत बोटी दुरुस्त करणारं आमचं यार्ड आहे, त्याचा एक शिरस्ता आहे. यॉट समुद्रात डुलू नये म्हणून तिच्या पोटाला पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंख लावतात. त्यासाठी चांगल्या-भल्या बोटीला भोकं पाडावी लागतात. ज्यानं जो पंख आतून आवळला, त्यानं बोट पाण्यात उतरताना त्याच पंखापाशी बसायचं. काम कच्चं असेल तर आधी तूच भीज, एवढाच त्याचा अर्थ.

उजवी बाजू माझी, डावी माझ्या जोडीदाराची, लोरियानोची. वर्षानुवर्षं हेच. माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून तिला हातात धरलं तेही त्यानंच. माझी बायको चण्याच्या पिठाची पोळी भाजायची तेव्हा मोठा तुकडा त्याच्यासाठी काढून ठेवायची, मला मेल्याला नुसत्या करपलेल्या कडा.

पण हल्ली यॉटवाल्यांना पंख नकोत. इंजिनाच्या खोलीत गरगर फिरणारं एक जड चाक बसवलं की भागतं, भोक पाडायलाच नको. तेव्हा आमचा मुकादम नेदो म्हणाला, पंखांच्या कामाला यापुढे एकच माणूस ठेवणार. हातातली बोट उतरली की कोण ते ठरवू. दुसऱ्यानं घरी बसायचं. या वयात मला दारात तरी कोण उभं करणार होतं?

भोकं पाडून झाली आणि लोरियानो मला बाजूला घेऊन गेला. डावीकडे डिझेलची टाकी, तिच्यामागे आडवं पडून बोल्ट आवळायचे, आणि त्याचा खांदा कामातून गेलेला. नेदोला कळलं तर मी आजच संपलो, या वेळी डावी तू घे, असं काकुळतीनं म्हणाला. शहाणा माणूस नाही म्हणाला असता. मी घेतली, माझी उजवी त्याला दिली. बोटीच्या पोटात आम्ही दोघंच, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

क्रेननं बोट पट्ट्यांत धरली. आम्ही आत उतरलो. लोरियानो पुढे झाला आणि सरळ डावीकडे टाकीपाशी जाऊन बसला. मी म्हटलं, अरे, ही जागा माझी.

"जा ना तिकडे," तो हळूच म्हणाला. "वरच्या झडपेतून नेदो बघतोय. रोजच्यासारखं दिसू दे."

पटलं मला. उजवीकडे जाऊन बसलो. बोट टेकली, पाणी चढलं. डावी बाजू खडखडीत कोरडी. उजवीकडे मात्र आधी ओल आली, मग पाण्याची धार थेट माझ्या मांडीवर. मी ओरडलो, बोट परत वर घेतली.

नेदो खाली आला. उजवा पंख कुणाचा, एवढंच त्यानं विचारलं. मी लोरियानोकडे पाहिलं. तो फडक्याला हात पुसत होता.

"उजवी या फोस्कोचीच की," माझ्याकडे मान करून तो म्हणाला. "नेहमीची."

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. या वेळी बाजू बदलल्या होत्या, मी बोललो. मोठ्यानं बोललो. नेदोनं माझ्या भिजलेल्या पँटकडे पाहिलं.

"मग आत्ता तू कुठे बसला होतास?"

मग त्यानं तिथंच सांगून टाकलं, यापुढे पंखांवर लोरियानो.

संध्याकाळी फाटकापाशी लोरियानोला गाठलं. ते गळणार हे तुला कधी कळलं, विचारलं.

"आवळतानाच. शेवटचे बोल्ट बसेचनात. खांदा वर होत नव्हता."

"मग मला सांगायचंस, नालायका. मी आवळून दिले असते."

"दिले असतेसच," तो म्हणाला. "मग बोट कोरडी उतरली असती, आणि नेदोनं तुला ठेवलं असतं."

हे त्यानं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. माझा हातसुद्धा उठला नाही.

घरी आलो. बायको काही बोलायच्या आत टेबलाकडे लक्ष गेलं. पोळीचा मोठा तुकडा ताटलीखाली झाकून ठेवला होता, लोरियानोसाठी.