वीस किलोची राजेश्वरी

बापाचा जीव लेकराच्या श्वासात अडकलेला असतो. त्या सकाळी लोणावळ्याच्या एका दवाखान्यात महिपतीचा जीव मात्र वजनकाट्यात अडकला होता.

सहा वर्षांच्या राजेश्वरीचे टॉन्सिल काढून झाले होते. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "ऑपरेशन झालं. स्नायू सैल पडायचं औषध दिलंय, ते उतरेपर्यंत तिला श्वास आम्ही फुगा दाबून देतोय. थोडा वेळ जाईल."

"किती दिलंय औषध?"

"वजनाप्रमाणे," म्हणून त्या आत गेल्या.

महिपती बाकावर बसला. परवा नाव नोंदवताना वजन त्यानंच सांगितलं होतं, वीस किलो. घरचा काटा असताना अंदाज कशाला, म्हणून लेकीला कार्ला गावातल्या आपल्या किराणा दुकानात तांदळाच्या काट्यावर उभं केलं होतं. काटा सरकारी शिक्क्याचा. शिक्का बसल्यावर पप्पू मेकॅनिककडून जरासा सुधारून घेतलेला, एवढंच. अठराला तो वीस म्हणायचा. चार वर्षं म्हणत होता, आणि इतक्या ठामपणे, की आता मालकाचाही त्यावर विश्वास बसला होता.

म्हणजे जे दोन किलो राजेश्वरीत नव्हतेच, त्यांचंही औषध तिच्या अंगात गेलं होतं.

"घाम का फुटलाय रं?" शेजारच्या शमीम मावशींनी विचारलं. मावशी त्याचं जुनं गिऱ्हाईक. पुढचा नंबर त्यांच्या नातीचा, फलकचा. "फलकचं वजन बी तुज्याच काट्यावर केलंय. म्हटलं, मशीनीचं काय खरं न्हाई, महिपतीचा काटा लय खरा."

दार उघडलं. भूल देणाऱ्या डॉक्टर सारिका बाहेर आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत महिपती उभा राहिला.

"म्याडम, वीस न्हाई, अठरा. काटा जादा दावतो माजा. मीच तसा करून घेतलाय. ह्या मावशींच्या फलकचं बी कमी धरा."

शमीम मावशी बाकावरून उठल्या.

"आन् ईदचा तांदूळ?"

"त्यो बी, मावशी."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. "राजेश्वरी स्वतः श्वास घेतेय, दहा मिनिटं झाली. आता रडतेय. आणि घरून सांगितलेलं वजन आम्ही धरत नाही. तुम्ही सकाळी गाडी लावायला गेला होतात, तेव्हा सिस्टरांनी इथं केलंय. अठरा किलो शंभर ग्रॅम."