जाकिटाची हजेरी

आमच्या कचेरीची हजेरी मी एकोणीस वर्षं लिहितेय, त्यामुळे खोटं आजारपण मला वासावरून कळतं. गोदामवाल्याचे आजोबा माझ्याच वहीत तीनदा वारलेत. तरी टेलिफोनबाईच्या बाबतीत मी चुकले.

मागल्या वर्षी तिला नागीण झाली. कण्यापासून डाव्या बरगडीखाली पट्टा उठला. फोड गेले, दुखणं राहिलं. त्यातच साहेबांनी सगळ्यांना नवं जाकीट वाटलं. निळं, ढगळ, सुळसुळीत.

"मी नाही घालणार," ती म्हणाली. "कापड घासलं की निखारा फिरवल्यासारखं होतं."

"आणि आत घट्ट पट्टी गुंडाळलीय, ती चालते वाटतं?"

"पट्टी हलत नाही, साहेब. जाकीट हलतं."

कचेरी हसली. मीही हसले, तेही इथं मांडून ठेवते.

साहेबांनी लेखी कळवलं: तपासणीत दुखणं खोटं निघालं तर नोकरी गेली. तपासायला कंपनीच्या डॉक्टरबाई, साक्षीला मी, पडद्याबाहेर साहेब.

पट्टी सोडवून डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीत अंगठा रोवला. "दुखतं?"

"फारसं नाही."

आणखी जोरात. ती ढिम्म. डॉक्टरबाईंनी कागदावर 'दुखणं आढळलं नाही' असं लिहिलं. बाहेरून खाकरणं ऐकू आलं, जिंकल्याचं.

"थांबा!" टेलिफोनबाई कडाडली. "मी काय बाजारातलं फळ आहे, दाबून बघायला? हलकं काहीतरी फिरवा. ए हजेरीबाई, तुझ्या वहीची फीत दे."

दिली. फीत पट्ट्यावरून गेली आणि ती अशी किंचाळली की माझं पेन घरंगळलं.

"नाटक!" पडदा म्हणाला.

"नाटक असेल तर जागा चुकेल. मी भिंतीकडे तोंड करते. वरून या, खालून या, मी 'आग' म्हणेन तिथं पेनानं ठिपका काढा. मग दुसऱ्या रंगानं पुन्हा करा."

आधी निळे ठिपके झाले, मग क्रम उलटसुलट करून लाल. मी मोजले. चौदा निळे, चौदा लाल, जोड्या लावल्यासारखे. कुठंही बोटभर फरक नाही. फीत कणा ओलांडून उजवीकडे गेली की ती गप्प. "ही एका नसेची हद्द आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आधीची ओळ खोडली.

पडदा सरला तेव्हा ती कपडे सावरून बसली होती.

"अंगठ्यानं नाही आणि फितीनं दुखतं? हे कसलं गणित?" साहेब म्हणाले.

"तुमचे फोन जोडते म्हणून मला कळतं. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. तिथं माझ्या टेलिफोनच्या बोर्डासारखाच पेशींचा बोर्ड आहे. दोन पेशींमध्ये बारीक फट. अलीकडची रसायन सोडते, पलीकडची घेते, निरोप पुढं जातो. पण काही पेशींचं कामच निरोप अडवायचं. त्यांचं रसायन पुढचीला सांगतं, गप्प बस. त्या स्पर्शाचा फोन दुखण्याच्या लाइनला लागू देत नाहीत. नागिणीनं माझ्या त्या अडवणाऱ्या लुळ्या केल्या. आता कापड नुसतं हलो म्हणालं तरी वर मेंदूत ऐकू येतं, आग!"

"आणि अंगठा?"

"दाबण्याचा निरोप वेगळ्या लाइनवर जातो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला आठवायला हवं होतं."

साहेब असे हरत नसतात. "बरं, खरं धरू. मग मागच्या खोलीत बसा. समोर गणवेश हवा."

टेलिफोनबाई उठली. "मागं का? लपवण्यासारखं मी काय केलंय? दहा वर्षं 'साहेब जागेवर नाहीत' सांगून तुमचे फोन मी अडवते. उद्यापासून माझ्या पाठीसारखं करू का? येईल तो फोन थेट तुमच्या टेबलावर?"

साहेबांनी बुटांकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी खिडकीकडे. मी वहीत डोकं घातलं, कारण हसू मावेना.

ती समोरच बसते, दारातून शिरताच दिसेल अशी. दुखणं गेलेलं नाही. दुपारी कधी बोलता बोलता थांबते, टेबलाची कड धरते, मग "बोला" म्हणते. तिचं जाकीट खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं असतं. नियम सगळ्यांना जाकिटाचा आहे, म्हणून मी रोज तिच्या नावापुढं दोन खुणा करते. एक तिची, एक त्याची. साहेब महिन्याअखेर दोन्हींवर सही करतात.