बाभळीवर टांगलेला आरसा

मित्रांनो, माझ्यात डोकावलात तर तुमचा डावा कान दिसणार नाही. त्या कोपऱ्यातला माझा पारा कधीच उडाला आहे. पत्र्याच्या चौकटीतला, ताटाएवढा असा मी एक म्हातारा आरसा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते मांडवगण फराट्यातलं गोकुळचं केशकर्तनाचं दुकान. गोकुळ रोज सकाळी मला ओल्या वर्तमानपत्राने पुसायचा. नवरदेव माझ्याकडे बघून लाजायचे, म्हातारे मिशा पिळायचे. मग पारा उडू लागला आणि गिऱ्हाइकं कुरकुरू लागली.

"गोकुळ, अर्धंच तोंड दिसतंय की रं. पैसं बी अर्धंच देऊ का?"

गोकुळने नवा आरसा आणला आणि मी मोरीजवळच्या अंधारात गेलो. तिथून मला सुदर्शनने उचललं.

"पारा उडालेला आरसा कशाला रं तुला?" गोकुळने विचारलं.

"चालंल मला. तोंड कुठं बघायचंय!"

सुदर्शन चित्रकार होता. पोटासाठी रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, आणि उरलेल्या वेळात आपल्या वस्तीशेजारी बसून ऊस, बांध आणि आभाळ रंगवायचा. त्याच्या पाठीमागे बाभळीच्या फांदीला तो मला टांगायचा. असं का, सांगतो. आपलंच चित्र फार वेळ बघितलं की डोळे त्यातल्या चुकांना सरावतात. आरशात उजव्याचं डावं होतं, चित्र परक्याचं वाटतं आणि चूक लगेच सापडते. थोड्या थोड्या वेळाने सुदर्शन मान वळवून माझ्यात बघायचा. मला पुन्हा काम मिळालं होतं.

त्याला शिकवलं होतं दौंडच्या साहेबराव गुरुजींनी. ते म्हणायचे, "वस्तूचं नाव विसर. मनात 'ऊस' म्हणालास, की हात पाठ केलेला ऊस काढतो. डोळे अर्धे मीट आणि नुसते रंगाचे डाग बघ." सुदर्शनने हे वाक्य कायम जपलं. त्याची चांगली चित्रं त्यातूनच आली. आणि ती संध्याकाळही.

शनिवार होता. वारा पडला होता. उसाचं एक पातं हलत नव्हतं, आणि रोज कलकलाट करणाऱ्या साळुंक्या गप्प होत्या. सुदर्शन बसक्या स्टुलावर बसून रंगवत होता. समोर उसाच्या बुडाशी एक पिवळसर डाग होता. मघाशी तो तिथे नव्हता.

सुदर्शनने डोळे अर्धे मिटले. त्याचा चेहरा उजळला. पिवळ्या रंगात जरा तपकिरी मिसळून त्याने तो डाग जसा दिसला तसा चित्रात उतरवला. मग मान वळवून माझ्यात बघितलं. माझ्यात तो डाग दोनदा होता, एकदा चित्रात आणि एकदा चित्राच्या पलीकडे. पलीकडचा श्वास घेत होता.

घराकडून सारिकाची, त्याच्या बायकोची हाक आली. "अहो, दिवं लागायच्या आत या! परवाच शेजारच्या म्हाळसाबाईंची शेळी गेलीया."

"आलो गं! रंग पळतोय, पाच मिनिटं!"

मित्रांनो, आरशाला ओरडता येत नाही. सुदर्शनने सामान आवरलं, मला काढलं, तरी तो डाग हलला नाही. तो पळाला नाही, पुढे आला नाही. कशाची तरी वाट बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. महिन्यातून एकदा सुदर्शन आणि त्याचे दोन चित्रकार मित्र यवतला जमत. तिथे हायवेलगत मायाताईंची पत्र्याची शेड होती. मायाताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. नागसेन बुद्धविहारांच्या भिंतींवर माणसाच्या उंचीची चित्रं काढायचा. तिघांचा एक नियम होता. नवं चित्र आधी माझ्यात बघायचं, आणि तोवर काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. म्हणून मीही पिशवीतून जायचो.

त्या दिवशी दुपारभर जुन्या चित्रांवर वाद झाला. नागसेन म्हणाला, "गड्या, तुझ्या चित्रात एक बी माणूस न्हाई. सगळं गाव काय जेवाय गेलंय का?"

"समदं तुझ्या भिंतीवर जाऊन उभं ऱ्हायलंय," सुदर्शन म्हणाला, आणि तिघंही हसले.

ऊन कलल्यावर कालचं चित्र माझ्यासमोर आलं. मायाताई बराच वेळ बघत राहिल्या.

"सुदर्शन, हे कान कुणाचे?"

"कान? पाचट हाय ते, ताई. उसाची वाळलेली पानं."

"एकदाचं कुणीतरी आलं म्हणायचं तुझ्या चित्रात!" नागसेन हसत पुढे वाकला आणि हसू तसंच ओठांवर राहिलं. "आरं... डोळं बी हायती. बिबट्या हाय हा."

सुदर्शन ताडकन उठला. "सारिका आज एकटीच हाय. दिवस मावळायला लाईट आली की उसाला पाणी द्यायला जाणार हाय. तिथंच."

त्याने तिला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग गोकुळला लावला. "माणसं गोळा करून निघतो," गोकुळ म्हणाला, "पण वस्ती लांब पडती रं."

नागसेनने मोटारसायकल काढली. सुदर्शनने मला तसंच पिशवीत कोंबलं, अर्धा बाहेरच राहिलो. भीमेचा पूल ओलांडताना सूर्य पाण्याला टेकला होता.  सुदर्शन वाटभर पुटपुटत होता, "मी बघितला होता त्याला. मी बघितला होता."

आम्ही पोचलो तेव्हा सारिका बाभळीजवळ फावड्याने पाणी वळवत होती, पार खाली वाकून. वाकलेलं माणूस बिबट्याला शेळीसारखं दिसतं, हे आमच्या भागात शेंबडं पोरही जाणतं.

"सारिका! वाकू नको! ताठ उभी ऱ्हा!"

ती उभी राहिली. "काय झालं? कशापायी बोंबलताय?"

तिच्यासमोरचा ऊस सळसळला. वारा नव्हता.

"हळूहळू मागं ये. पळू नको."

फावडं छातीशी धरून ती एकेक पाऊल मागे आली. तेवढ्यात गोकुळ आणि गावकरी ट्रॅक्टरवरून डबे बडवत आले आणि ती सळसळ आत आत जात थांबली. सारिकाने फावडं खाली टाकलं. सुदर्शनकडे बघत म्हणाली, "काल तुम्ही इथंच बसला हुता ना?"

सकाळी वनखात्याची माणसं आली. उसाच्या बुडाशी चिखलात मोठे ठसे होते. मग एकजण बाभळीमागे गेला आणि त्याने सगळ्यांना हाताने बोलावलं. तिथलं गवत दबलं होतं. बाजूला लिंबाएवढे, इवलेसे ठसे होते.

"पिल्लं हुती हितं. भाऊ, तुम्ही आईच्या आन् पिल्लांच्या मधी बसला हुता. अंगावर आली न्हाई, नशीब म्हणा."

मित्रांनो, माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर ती पिल्लं होती. सगळी संध्याकाळ मी तिथे टांगलेला होतो आणि मला पत्ता नव्हता. त्यांच्या आईने त्यांना कधी उचलून नेलं कुणी बघितलं नाही. कुठे नेलं, तेही कुणाला माहीत नाही.

गुरुजींचं वाक्य खोटं नव्हतं. रंग बघायलाच हवा. पण रंग बघून झाल्यावर डोळे पूर्ण उघडून समोर काय आहे तेही विचारायला हवं. सुदर्शन आता एकटा बसत नाही. तो रंगवतो तेव्हा नागसेन त्याच्या पाठीला पाठ लावून बसतो आणि वैतागतो, "तुझा ऊस संपल का न्हाई रं कवा?" पण उठत नाही.

माझ्यासारखा जुना आरसा टाकून देऊ नका. त्याला पुसा, जपा, आपल्या चुका त्यात शोधा. पण मला फक्त समोरचं दिसतं. माझ्या मागे काय बसलंय, ते सांगायला माणूसच लागतो. उसाच्या कडेला जाल, तेव्हा तसा एक माणूस बरोबर न्या.